हुकूम कळला, कारण कळले नाही

काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्या एका कचेरीत मी उताऱ्याच्या कामासाठी बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर एक नोटीस डकवलेली होती. मजकूर पूर्ण कन्नड, खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. एक वयस्क शेतकरी तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. शेवटी माझ्याकडे वळून तो म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचा की जरा, काय म्हटल्यात ते." मला कन्नड वाचता येते, म्हणून वाचले. जमिनीच्या मोजणीबाबत ज्यांची हरकत असेल त्यांनी ठरावीक तारखेच्या आत ती लेखी द्यावी, त्यानंतर आलेल्या हरकतींचा विचार होणार नाही, असे त्यात म्हटले होते. ती तारीख उलटून आठ दिवस झाले होते. टेबलामागच्या कन्नड कारकुनाने आमचे बोलणे ऐकले आणि मोडक्या पण आपुलकीच्या मराठीत तो म्हणाला, "अज्जा, तारीख संपली की हो. आधी यायला पाहिजे होतं." म्हाताऱ्याने विचारले, "या म्हणून मला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मराठीत 'सांगणे' या एकाच क्रियापदात दोन अर्थ नांदतात. 'पाऊस येणार असे त्याने सांगितले' या वाक्यात माहिती आहे, 'सांगितलेले काम त्याने केले नाही' या वाक्यात हुकूम आहे. म्हाताऱ्याच्या प्रश्नात हे दोन्ही अर्थ एकत्र आले होते आणि ते तसे येणेच योग्य होते, कारण जे मला कळवलेच गेले नाही ते मला फर्मावले गेले, या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. हुकूम, विनंती आणि कायदा यांच्या अंगी माणसाला कृतीचे कारण देण्याची जी ताकद असते, ती सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यातून येते, आणि ते नाते ज्या भाषेतून जुळते ती भाषाच काढून घेतली तर कायद्याच्या हाती भीतीखेरीज काही राहत नाही, असे माझे मत आहे. म्हणूनच कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माणसांना सरकारी कागद मराठीतूनही मिळावेत ही मागणी मी कायद्याच्या बाजूने केलेली मागणी समजतो.

आधी मूळ कोडे नीट पाहिले पाहिजे. काल संध्याकाळपर्यंत मला कचेरीत जाण्याचे कारण नव्हते. आज कोणीतरी एका कागदावर सही केली आणि मला ते कारण मिळाले. मधल्या काळात माझी जमीन बदलली नाही, बांध सरकला नाही, माझी गरजही वाढली नाही. कोणीतरी काही म्हटले, एवढाच काय तो फरक. निव्वळ म्हणण्यातून कारण कसे जन्माला येते? 'न गेल्यास नुकसान होईल' हे उत्तर चटकन सुचते, पण ते पुरत नाही. शेजारी तांब्याभर पाणी मागतो तेव्हा न दिल्याने माझे काही बिघडणार नसते, तरी त्याच्या मागण्याने मला उठण्याचे कारण मिळते. लहान मूल 'का?' म्हणून विचारते आणि आई 'मी सांगते म्हणून' असे उत्तर देते. त्या उत्तराने मूल नेहमीच फसवले जाते असेही नाही. पुष्कळदा तेच खरे उत्तर असते. प्रश्न असा आहे की ते केव्हा खरे असते.

तीस वर्षे मी मराठी शाळेत व्याकरण शिकवले आणि 'आज्ञार्थ' हा धडा दरवर्षी मला थोडा अपुरा वाटत आला. 'कर' हे रूप आज्ञेचे, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि लगेच पुढच्या ओळीत 'देवा, मला पाव' हे उदाहरण देतो. देवाला कोणी हुकूम सोडत नाही. रूप तेच, पण बोलणारा आणि ऐकणारा यांची जागा बदलली की त्याच रूपाची प्रार्थना होते, उपदेश होतो, आशीर्वाद होतो. पाणिनीने लिङ् या प्रत्ययाचे अर्थ सांगताना विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना असे सहा शब्द एका सूत्रात ओवले आहेत. परंपरेने त्यांतला भेद बारकाईने उलगडला. श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावणे हे निमंत्रण, ते नाकारता येत नाही. आमंत्रण मात्र ऐकणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेले असते. आणि गुरूला 'या मुलाला शिकवावे' असे आदरपूर्वक म्हणणे म्हणजे अधीष्ट. आज लग्नपत्रिकेवर आपण निमंत्रण आणि आमंत्रण हे शब्द एकाच अर्थाने छापतो, आणि मला वाटते, त्यात आपण एक उपयोगाचा भेद गमावून बसलो आहोत. नाकारण्याची मोकळीक आहे की नाही, यावरच विनंती आणि हुकूम यांच्यातली रेघ ओढली जाते.

विनंती मला एक कारण देते. ते मी माझ्या इतर कारणांबरोबर तराजूत घालतो. आजारी मुलाला दवाखान्यात न्यायचे असेल तर शेजाऱ्याच्या भातलावणीला मी जाणार नाही, आणि तो समजून घेईल. पैरा या पद्धतीचा आधारच हा असतो: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात, आणि कोणी न आल्यास त्याने कारण कळवावे. हुकमाचा दावा याहून मोठा असतो. तो नुसते एक वजन तराजूत टाकत नाही, तराजूच बाजूला ठेवायला सांगतो. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने सल्ला आणि आज्ञा यांत हाच फरक केला: सल्ल्यामागे ऐकणाऱ्याचे हित हे कारण असते, आज्ञेमागे सांगणाऱ्याच्या इच्छेखेरीज दुसरे कारण अपेक्षितच नसते. गंमत पाहा, आपल्याकडे 'आज्ञा' या शब्दाचा अर्थ परवानगी असाही आहे. 'येतो आता, आज्ञा असावी' असे म्हणून जुनी माणसे उठत. कन्नडमधल्या 'अप्पणे' या शब्दालाही हुकूम आणि अनुमती असे दोन्ही अर्थ आहेत. एकमेकांना चिकटून वाढलेल्या या दोन भाषांनी एक गोष्ट ओळखली होती: ज्याला 'कर' म्हणण्याचा अधिकार असतो त्याच्याकडेच 'करू का?' म्हणून विचारले जाते. अधिकार हा शब्द नात्याचा आहे.

हा अधिकार कारण कसे निर्माण करतो, यावर आपल्याकडच्या मीमांसकांनी जेवढे खोल खणले तेवढे फार थोड्यांनी खणले असेल. त्यांचा विषय वेदवाक्य होता, सरकारी परिपत्रक नव्हते, हे ध्यानात ठेवूनही त्यांचा वाद आपल्या कामाचा आहे. 'स्वर्गकामो यजेत', म्हणजे स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा, हे वाक्य ऐकून माणूस यज्ञाला का प्रवृत्त होतो? मंडनमिश्राचे उत्तर असे की विधिवाक्य ऐकणाऱ्याला एक गोष्ट कळवते, हे कर्म तुझ्या इष्टाचे साधन आहे. ते कळले की त्याची स्वतःचीच इच्छा त्याला हलवते. प्रभाकराच्या मताने विधिवाक्य 'हे तुझे कार्य आहे' असा नियोग कळवते आणि चालना देण्यास तेवढे पुरे असते. कर्तव्यतेला फळाच्या आमिषाची कुबडी लागत नाही. एकाचा हुकूम म्हणजे वेष पालटलेला सल्ला, दुसऱ्याचा हुकूम आपल्या पायावर उभा. मला दोघांचेही अर्धे अर्धे पटते, आणि कोणाचे कुठे पटते हे पुस्तकापेक्षा आपल्या भागातल्या घटनांवरून लवकर उमगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या सगळ्याच नद्यांना पूर आला. चिकोडी, अथणी, रायबाग भागातील कृष्णाकाठची गावे आणि घटप्रभेकाठचे गोकाक पाण्यात गेले. अशा वेळी 'रात्रीच्या आत घरे सोडा' असा आदेश येतो. नदीकाठी जन्म गेलेला माणूस म्हणतो, मला नदी कळते, पाणी या उंबऱ्यापर्यंत कधी आले नाही. परंतु कोयनेतून आणि घाटमाथ्यावरच्या इतर धरणांतून किती पाणी सोडले आहे आणि ते किती तासांत इथे पोहोचेल, हे त्याला उंबऱ्यावर उभे राहून दिसणार नसते. ते ज्याला ठाऊक आहे त्याचा आदेश पाळला तर, जीव आणि गुरे वाचवण्याचे जे कारण त्याच्याजवळ आधीपासूनच आहे, तेच अधिक चांगल्या रीतीने पाळले जाते. जोसेफ राझ या कायद्याच्या तत्त्वज्ञाने अधिकाराचे समर्थन याच पायावर केले आहे: स्वतःच्या अंदाजाने चालण्यापेक्षा अधिकाऱ्याचे ऐकल्याने माझी स्वतःची कारणे मला अधिक नेमकी पाळता येत असतील, तर तो अधिकार मला बांधतो, आणि बांधतो म्हणजे माझ्या अंदाजाला त्या वेळेपुरते बाजूला ठेवायला लावतो. मंडनमिश्राचे मत इथे जिंकते. पण अट मात्र लक्षात घेतली पाहिजे. तो आदेश ज्याला समजलाच नाही त्याला ही सेवा मिळत नाही. न कळलेल्या भाषेतला पुराचा इशारा हा आवाज असतो, आदेश नसतो.

दुसरे उदाहरण वार पाळणुकीचे. ग्रामदेवतेच्या यात्रेआधी आपल्याकडच्या अनेक गावांत पंच ठरवतात की अमुक वारी कोणी शेतात जायचे नाही. दवंडी पिटली जाते किंवा देवळाच्या कर्ण्यावरून सांगितले जाते आणि त्या दिवशी शिवारात एकही औत दिसत नाही. मंगळवारीच का, शुक्रवारी का नाही, याला स्वतंत्र कारण असेलच असे नाही. सगळ्यांनी मिळून कोणता तरी एक वार धरायचा असतो आणि तो कोणता हे कोणीतरी सांगावे लागते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियमही याच जातीचा. पंचांकडे पोलीस नसतात, तुरुंग नसतो. तरीही त्यांच्या शब्दाला वजन असते, कारण त्यामागे 'आपण' हा शब्द उभा असतो: आपले गाव, आपली जत्रा. जो स्वतःला त्या 'आपण'मध्ये मोजत नाही त्याला ती दवंडी नुसती बातमी वाटते.

या दोन्हींच्या उलट बाजूला बंदूक आहे. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये विचारले की बंदूक रोखून 'पैसे दे' म्हणणारा दरोडेखोर आणि कायदा यांच्यात फरक काय? दोघांचे ऐकले नाही तर वाईट परिणाम भोगावे लागतात. त्यांचे उत्तर मराठीत फार सहज मांडता येते, कारण 'भाग पडणे' आणि 'बांधील असणे' हे दोन वेगळे प्रयोग आपल्याकडे आधीपासून आहेत. दरोडेखोरापुढे पैसे देणे भाग पडते, पण देण्यास कोणी बांधील नसतो. हा फरक याच जिल्ह्याच्या मातीत रक्ताने लिहिला गेला आहे. १८२४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कित्तूरचे दत्तकविधान मान्य करण्यास नकार दिला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन कित्तूरवर आला. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत तो मारला गेला. पुढे किल्ला पडला, कित्तूरची राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेली आणि तिच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये आमच्या खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले गेले. कंपनीचा हुकूम स्पष्ट होता, त्यामागची ताकदही खोटी नव्हती. त्या हुकमाने भीतीचे कारण दिले, कर्तव्याचे दिले नाही. ही माणसे कन्नड होती की मराठी, याने माझ्या आदरात काही उणे होत नाही.

इथे माझ्या मराठी बांधवांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो दिवस आम्ही काळा दिन म्हणून पाळतो आणि तो पाळण्यामागचे दुःख खरे आहे. पण कर्नाटकाचा प्रत्येक कायदा म्हणजे कंपनीचा हुकूम, असे म्हणणे हे स्वतःची फसवणूक ठरेल. आम्ही इथे मतदान करतो, निवडून येतो, इथल्या रस्त्यांवरून जातो, राकसकोप जलाशयाचे पाणी पितो. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागत असे. सासर निपाणीला आणि माहेर कागलला असणाऱ्या बाईला तो जाच होता, तरी साथीच्या काळात असा नियम पाळण्याचे कारण तिला होतेच, आणि नियम कोणत्या राज्याने केला यावर ते अवलंबून नव्हते. आपण बांधील आहोत की नाही याचा विचार कायद्यागणिक करावा लागतो. सरसकट नकार हा विचार टाळण्याचा मार्ग आहे.

कन्नड मित्र मला एक टोकदार प्रश्न विचारतात, आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, तो महाराष्ट्राच्या मागणीवरून. १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे त्यात म्हटले होते, आणि महाराष्ट्राने तो नाकारला. 'पंच तुम्हीच मागितला आणि निवाडा मात्र तुम्हाला नको, हे कसे?' या प्रश्नात सल्ला आणि आज्ञा यांचाच भेद दडला आहे. आयोग शिफारस करतो. शिफारशीचे वजन तिच्यामागच्या कारणांइतकेच असते, म्हणून ती कारणे तपासण्याचा हक्क दोन्ही बाजूंना उरतो, आणि खेडे हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे निकष आयोगाने सगळीकडे सारखे लावले नाहीत, हे महाराष्ट्राचे म्हणणे त्याच तपासणीचा भाग आहे. तरीही पंच मागण्यातून काही नैतिक ओझे येते, हे मी नाकारत नाही. न्यायालयाचे तसे नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दावा दाखल करणारा त्याच क्षणी एक गोष्ट कबूल करतो: निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी तो मला बांधील, तो मला पटला नाही तरीही. न्यायनिवाड्याचे वजन त्याच्या बरोबर असण्यावरच टेकलेले नसते. प्रभाकराचा नियोग मला इथे दिसतो. २०१४ च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटवला गेला, तेव्हा मला गावकऱ्यांइतकेच दुःख झाले, आणि तरीही तो आदेश पाळण्याचे कारण आम्हाला होते असे मी तेव्हाही म्हटले. त्यानंतर गावात जो लाठीमार झाला तो मात्र त्या आदेशाचा भाग नव्हता. आदेश कारण देतो. पाठीवर पडलेली काठी कुठलेही कारण देत नाही.

आता कचेरीतल्या कागदाकडे परत येतो. आपल्याकडे नागरिक सरकारशी जवळजवळ नेहमी विनंतीच्या भाषेत बोलतो. अर्जाचा शेवट 'तरी मेहेरबान साहेबांनी कृपा करावी, ही नम्र विनंती' असा. सीमाभागात तर निवेदन देणे हा सार्वजनिक जीवनाचा नित्याचा विधीच झाला आहे: शिष्टमंडळ जाते, निवेदन देते, फोटो निघतो, 'वरिष्ठांना कळवू' असे उत्तर मिळते. या शब्दांकडे मी सौजन्य म्हणून पाहत असे. आता मला ते नुकसानीचे वाटतात. विनंती ऐकणाऱ्याच्या हाती नकाराची मोकळीक ठेवते, हे आपण वर पाहिले. जे माझ्या हक्काचे आहे ते मी विनंतीच्या रूपात मागतो तेव्हा ती मोकळीक मीच अधिकाऱ्याला देऊन टाकतो. हक्काची मागणी अधिकाऱ्याला नवे कारण देत नसते. त्याच्याजवळ आधीपासून असलेल्या कारणाची ती आठवण करून देते.

कायद्यात हे हक्क कसे लिहिले आहेत, ते पाहणे उद्बोधक आहे. संविधानाच्या कलम ३५० नुसार कोणीही आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू शकतो. म्हणजे मी मराठीत अर्ज करू शकतो. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याबद्दल ते कलम मौन पाळते. बोलण्याचा हक्क दिला आहे, ऐकून समजण्याचा दिलेला नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल आहे, पण त्यातही राज्याने तसा प्रयत्न करावा, असा विध्यर्थ वापरला आहे. सक्तीचा निर्देश देण्याची वेळ राष्ट्रपतींवर सोडली आहे. आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत मान्य झालेले सूत्र, की जिथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाचे प्रमाण लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तर राज्यांनी आपसांत मान्य केलेले सूत्र आहे. खानापूर तालुक्यात मराठी माणसांचे प्रमाण या १५ टक्क्यांच्या कितीतरी पट आहे. मान्य केलेल्या शब्दाला कायद्याचे दात नसतात हे खरे, पण दिलेला शब्द हेही एक कारण असते, आणि ज्याने शब्द दिला त्याला ते कारण इतरांपेक्षा अधिक लागू पडते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, असे जगभरची न्यायालये मानतात, आणि राज्याची राजभाषा शिकणे ही रहिवाशाचीच जबाबदारी नाही काय? पहिल्या भागाला उत्तर असे की अज्ञानाची सबब नाकारण्याचा हक्क राज्याला कळवण्याच्या कर्तव्यातूनच मिळतो. ज्याने कळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला त्यालाच 'तुला कळायला हवे होते' असे म्हणता येते. दुसऱ्या भागाशी मी बराचसा सहमत आहे. मी कन्नड शिकलो ते कोणा अध्यादेशामुळे नव्हे. शाळेतल्या एका कन्नड सहकाऱ्याने एकदा मला म्हटले, "सर, तुम्ही थोडं कन्नड शिकला तर मला घरच्यासारखं वाटेल." त्या विनंतीला मी नकार देऊ शकत होतो, आणि म्हणूनच ती मला इतकी जड वाटली की मी नकार दिला नाही. हेच वाक्य एखाद्या आदेशात आले असते तर मी बहुधा तेवढेच कन्नड शिकलो असतो, पण ते त्याच्यासाठी शिकलो नसतो. आमच्या तरुणांनी कन्नड शिकावे असे मला मनापासून वाटते. एका सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याने मोजणीच्या नोटिशीच्या तारखेआधी ते शिकायला हवे होते, हे मात्र मला पटत नाही.

फलकांचा प्रश्नही याच कसोटीवर तपासावा. २०२४ मध्ये कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या व आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे सक्तीचे केले. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये मराठी फलकांची सक्ती केली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईतल्या सक्तीचे स्वागत करणाऱ्याला बेळगावात 'सक्ती' या शब्दावरच आक्षेप घेता येणार नाही. मी तो घेत नाही. गणपत गल्लीतल्या मराठी दुकानदाराला कन्नड अक्षरे मोठी लावण्याचे एक कारण देता येते, जे त्यालाही स्वतःचे वाटेल: तुझ्या दाराशी येणाऱ्या कन्नड गिऱ्हाइकाला आणि या राज्याच्या भाषेला मान मिळावा. उरलेल्या जागेत मराठी राहिली तर त्या कारणाला काही धक्का लागत नाही. पण उरलेली मराठीही पुसली जावी, असा आग्रह कोणी धरतो, तेव्हा त्यामागचे कारण दुकानदाराला उद्देशून दिलेले नसते. ते त्याच्याविषयी दिलेले असते. ज्याच्याशी आपण बोलतो आणि ज्याच्याविषयी आपण बोलतो, ही दोन माणसे वेगळी असतात.

जमावबंदीच्या आदेशांबद्दल थोडेच लिहितो. बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन आले की मराठी मेळाव्याला परवानगी नाकारणारे आदेश आम्हाला ओळखीचे आहेत. पूर्वीचे कलम १४४, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, असा आदेश लेखी असावा आणि त्यात प्रकरणाची महत्त्वाची तथ्ये नमूद असावीत असे स्वतःच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात ते अधिक ठामपणे सांगितले: आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत तथ्ये असली पाहिजेत, एकामागून एक तसेच आदेश काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही. ज्या कलमात हुकूम सर्वांत धारदार आहे, तिथेच कायद्याने हुकूम देणाऱ्याला 'का?' या प्रश्नाने बांधले आहे, याचे मला फार महत्त्व वाटते. 'मी सांगतो म्हणून' हे उत्तर आईला शोभते, जिल्हा दंडाधिकाऱ्याला कायदा ते देऊ देत नाही. मग ती तथ्ये, ज्यांना घरी बसायला सांगितले आहे त्यांच्या भाषेत का नसावीत? मराठीतून दिलेला मनाई हुकूमही मनाईच असेल, आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाताना निदान आपण कोणत्या कारणाशी भांडतो आहोत हे आम्हाला कळेल.

त्या दिवशी कचेरीत पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. कारकुनाने कोरा कागद ओढला आणि मुदत उलटून गेल्याची हकिगत मांडणारा अर्ज म्हाताऱ्यासाठी तो स्वतः कन्नडमध्ये लिहू लागला. ते त्याचे काम नव्हते. लिहून झाल्यावर त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. म्हातारा एका शब्दावर थांबला, कारण तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. "विनंती कशाला लिवलंय?" त्याने विचारले. "माझी जमीन हाय. तकरार लिवा." तकरार हा शब्दही कन्नडमध्ये तसाच चालतो. कारकून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने ती ओळ खोडली, वर 'तकरारु' असे लिहिले आणि शाईचा पॅड त्याच्यापुढे सरकवला.